वाचक विचारतात: पोटातल्या बाळावरील शस्त्रक्रियेची उपकरणे

मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉक्टरांनी आईच्या पोटातून सुई नेऊन गर्भातल्या बाळाच्या द्राक्षाएवढ्या हृदयातली अरुंद झडप फुग्याने रुंद केली. त्या शस्त्रक्रियेवर मागील अंकात एक टिपण आले होते, आणि त्यावर आलेल्या पत्रांपैकी नाशिककर वाचकांची काही पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. काहींनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे कोणाचेच नाव दिलेले नाही. वैद्यकीय सल्ल्याची जागा हे सदर घेऊ शकत नाही, हे दुसऱ्या पत्राच्या संदर्भात विशेष ध्यानात ठेवावे.

प्रश्न: आम्ही चौघीजणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते, तो आजार लेसरने थांबवतात. त्यासाठी टोक वाकवता येईल अशी नळी तयार करणे हा आमचा प्रकल्प आहे. आमचे सर म्हणतात की व्यास जितका कमी, तितके उपकरण चांगले. ३ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर येण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे, पण लेसरचा फायबर, दुर्बीण आणि पाणी जाण्याची वाट हे सगळे आत बसत नाही. यातले काय सोडावे? (चार विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर: सरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यातच तुमचा खरा प्रकल्प दडलेला आहे. काय सोडावे हे ठरवण्याआधी, व्यास मुळात कशासाठी कमी करायचा, ते नीट पाहू.

एकच वार असलेल्या जुळ्यांच्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत हा आजार उद्भवतो. वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण असमान झाली की देणारे बाळ खुरटते आणि त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्या बाळाच्या हृदयावर भार येतो आणि त्याच्या पिशवीत पाणी बेसुमार साठते. तीव्र अवस्थेत उपचार झाला नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळे दगावतात. पूर्वी सुईने जादा पाणी काढत राहणे एवढेच हाती होते. अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी दुर्बिणीतून लेसर नेऊन या जोडवाहिन्या बंद करण्याचे आपले पहिले अनुभव १९९० मध्ये प्रसिद्ध केले, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचे प्रमाण लेसरच्या गटात ७६ टक्के, तर पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के आढळले. म्हणजे उपचाराबद्दल वाद उरलेला नाही. तरीही ही शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एका गोष्टीला आजही बिचकून असतात, ती म्हणजे आपण स्वतःच पाण्याच्या पिशवीला पाडलेले भोक.

ही पिशवी दोन पापुद्र्यांची असते. आतला अम्निऑन, बाहेरचा कोरिऑन. मजबुती मुख्यतः आतल्या पापुद्र्यातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनामुळे येते, पण त्या पापुद्र्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. त्वचेला जखम झाली की रक्त गोठते, खपली धरते, खालून नवी त्वचा येते. इथे यातले काहीच धडपणे घडत नाही. प्रसूतीनंतर पडदे तपासले तर दुर्बीण जिथून गेली होती ती जागा कित्येक आठवड्यांनंतरही उघडीच सापडते. तिथून पाणी झिरपू लागले की मुदतीआधीच पाणी जाते, कळा येतात, आणि ज्या बाळांसाठी एवढा खटाटोप केला तीच अपुऱ्या दिवसांची जन्मतात. दुर्बिणीने केलेल्या गर्भशस्त्रक्रियांनंतर साधारण तिघींपैकी एकीला हे भोगावे लागते. माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येक उपकरणाची पहिली परीक्षा इथेच घ्यावी: ते आत काय करते याच्याही आधी, ते बाहेर आल्यावर मागे काय ठेवते.

आता व्यास. ३ मिलिमीटरच्या नळीचे भोक सुमारे ७ चौरस मिलिमीटरचे आणि २ मिलिमीटरच्या नळीचे सुमारे ३ चौरस मिलिमीटरचे. क्षेत्रफळ निम्म्याहून खाली येते. सर म्हणतात ते इथपर्यंत खरे. परंतु या दुर्बिणींमध्ये चित्र आणणारे काचतंतू असतात, आणि एक तंतू म्हणजे चित्राचा एक ठिपका. व्यास उतरवला की तंतू कमी होतात, प्रकाशही कमी पोहोचतो, आणि गढूळ पिवळसर गर्भजलात आधीच अंधूक असलेले चित्र आणखी धूसर होते. मग जोडवाहिन्या शोधायला वेळ लागतो, आणि एखादी नजरेतून निसटते. ती निसटणे किती महागात पडते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉलोमन चाचणीत दिसले. २७४ गर्भवतींच्या या चाचणीत, वाहिन्या एकेक करून बंद करण्याऐवजी वारेच्या दोन भागांमधल्या संपूर्ण सीमारेषेवर लेसरची अखंड रेघ ओढली, तेव्हा एका बाळाला रक्तक्षय आणि दुसऱ्याला रक्ताधिक्य होण्याची पुढची गुंतागुंत १६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. अशी रेघ ओढायची तर टोक स्थिर हवे आणि चित्र स्पष्ट हवे. तेव्हा दुर्बिणीचा बळी देऊन २ मिलिमीटर गाठण्यात शहाणपण नाही. पाण्याची वाटही सोडू नका. थोडे रक्त पाण्यात मिसळले तरी कोमट सलाईनने समोरचा भाग धुतल्याशिवाय काही दिसत नाही.

दुसरा मुद्दा तुमच्या सरांनी बहुधा लक्षात घेतलेला नाही. पोटाच्या आणि गर्भाशयाच्या भिंतीत रोवलेली सरळ नळी टेकूवरच्या दांडीप्रमाणे वागते. बाहेर हात डावीकडे गेला की आतले टोक उजवीकडे जाते, आणि टेकूच्या जागी असतो तो हाच नाजूक पडदा. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल तर ती टाळण्यासाठी नळी कडेने घालावी लागते, लेसरचा झोत वाहिनीवर तिरका पडतो, आणि सर्जन तो काटकोनाच्या जवळ आणण्यासाठी नळी जोर लावून कलती करतो. तुमच्या वाकणाऱ्या टोकाचे मोल इथे आहे. टोक आतच वळले तर टेकूवरची ओढाताण वाचते. त्यामुळे वाकणारी ३ मिलिमीटरची नळी, न वाकणाऱ्या २ मिलिमीटरच्या नळीपेक्षा पडद्याला कमी इजा करील अशी शक्यता आहे, आणि ती मोजून दाखवणे हा शेवटच्या वर्षाचा अतिशय चांगला प्रकल्प होईल. फक्त फायबरचे भान ठेवा. ४०० ते ६०० मायक्रॉनचा (०.४ ते ०.६ मिलिमीटरचा) काचतंतू फार लहान त्रिज्येत वळवला तर मोडतो, आणि मोडण्याआधी वळणावर ऊर्जा गळू लागते. लेसर चालू असताना वळणावर गळणारी ऊर्जा कोणाला लागेल, हा प्रश्न ड्रॉइंगवर सही करण्याआधी विचारा.

मोजमाप कसे करायचे? सिझेरियननंतर वार आणि पडदे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. प्रसूतिगृहाच्या आचारसंहिता समितीची (एथिक्स कमिटीची) मान्यता आणि आईची लेखी संमती घेऊन ते अभ्यासासाठी मिळवता येतात. त्याच दिवशी काम करा, शिळा पडदा खोटे आकडे देतो. पडदा कापताना दोन पापुद्रे बोटांत एकमेकांवरून सरकल्याचे जाणवेल. शस्त्रक्रियेतला सगळा घात या सरकण्यात आहे. पडदा कड्यावर ताणून, शरीराच्या तापमानाच्या सलाईनखाली ठेवून, त्यावर बोथट टोकाचा ट्रोकार (नळीला आत शिरायला वाट करून देणारी दांडी) हळूहळू दाबून पाहा. पडदा लगेच फाटत नाही. तो आत ताणला जातो, पांढुरका होतो, आतला पापुद्रा बाहेरच्यापासून सुटतो आणि मग नळीच्या व्यासापेक्षा कितीतरी मोठ्या घेरात मोकळा होतो. धारदार टोक झटक्यात घातले तर हे सुटणे कमी राहते. म्हणून आत शिरण्याचा वेग, टोकाची धार, आत-बाहेर करण्याच्या खेपा आणि कडेला दिलेला जोर या चारही गोष्टी व्यासाइतक्याच नोंदवा.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. आत जाणारे उपकरण सुधारण्यासाठी जगभर बरेच हात लागलेले आहेत. बाहेर येताना भोक बुजवणारे उपकरण मात्र अजून कोणालाही साधलेले नाही. जिलेटिनचा स्पंज झाला, कोलॅजेनची गुडदी झाली, रक्तातल्या प्लेटलेट सोडून पाहिल्या, खडकाला पाण्याखाली घट्ट चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनांवरून सुचलेले गोंदही प्रयोगशाळेत तपासले गेले. यांतले काहीही नित्याच्या वापरात रुजले नाही. ओल्या, निसरड्या, सतत ताणल्या जाणाऱ्या पडद्याला, बाळाला अपाय न करता, तीन-चार महिने चिकटून राहील असे काही हवे आहे. वाकणारी नळी पुरी झाल्यावर उमेद उरली तर इकडे वळा.

प्रश्न: माझ्या सुनेला सहावा महिना लागला आहे. सोनोग्राफीत बाळाच्या श्वासपटलाला भोक असून आतडी छातीत गेल्याचे दिसले. मुंबईच्या डॉक्टरांनी बाळाच्या श्वासनलिकेत फुगा बसवण्याविषयी सांगितले. श्वासनलिका बंद केली तर बाळ गुदमरणार नाही का? घरात कोणालाच हे पटत नाही. (एक आजी, पंचवटी)

उत्तर: आपली शंका रास्त आहे, आणि ती पुढल्या भेटीत डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावी. बाळ गुदमरत नाही, कारण पोटात असताना ते हवा घेतच नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेतून, आईच्या रक्ताकडून. फुप्फुसे त्या काळात स्वतःच द्रव तयार करतात आणि तो श्वासनलिकेतून वर येऊन गर्भजलात मिसळतो. आतडी छातीत चढल्यामुळे फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. श्वासनलिकेत फुगा बसवला की हा द्रव अडतो, फुप्फुसे आतून ताणली जातात आणि त्या ताणामुळे वाढतात. श्वासपटलाचे भोक तसेच राहते. ते जन्मानंतर शस्त्रक्रियेने शिवावे लागते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आजार तीव्र असलेल्या बाळांमध्ये फुगा २७ ते २९ आठवड्यांदरम्यान बसवून ३४ व्या आठवड्यात काढला गेला. फुगा बसवलेल्यांपैकी ४० टक्के बाळे रुग्णालयातून घरी गेली, न बसवलेल्यांपैकी १५ टक्के. आजार मध्यम असलेल्या बाळांत मात्र निश्चित लाभ सिद्ध झाला नाही. त्यामुळे आपल्या नातवंडाचा आजार कोणत्या पायरीवर आहे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत जाणून घ्या. फुप्फुसाची वाढ सोनोग्राफीत मोजून ते ही पायरी ठरवतात.

धोकाही स्पष्ट सांगतो. पहिल्या उत्तरात म्हटलेले पिशवीचे भोक इथेही पडते, आणि या चाचणीत फुगा बसवलेल्या गर्भवतींची प्रसूती मुदतीआधी होण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. फुगा अजून आत असताना कळा सुरू झाल्या तर तो तातडीने काढावा लागतो, नाहीतर जन्मल्याक्षणी बाळाला श्वास घेता येणार नाही. म्हणून फुगा बसवल्यापासून तो काढेपर्यंत सूनबाईंनी त्या रुग्णालयाच्या जवळपास राहणे गरजेचे असते. नाशिकला परतून, वेळ आली तर कसारा घाट उतरून मुंबई गाठू, असा हिशेब या बाबतीत करू नये. राहण्याची सोय आधी लावा, नंतर होकार द्या.

उपकरणांत रस असलेल्या वाचकांसाठी जाता जाता: हा फुगा मुळात गर्भासाठी घडवलेला नव्हता. रक्तवाहिन्या आतून बंद करण्यासाठीचा, नळीपासून सुटा होणारा फुगा इथे उसना घेतला गेला. तो काढण्यासाठी पुन्हा दुर्बीण किंवा सुई घालावी लागते, हीच मोठी अडचण. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या एका नव्या फुग्यात चुंबकीय झडप बसवली आहे. गर्भवतीने एमआरआय यंत्राच्या भोवताली फिरले की तेथील चुंबकीय क्षेत्रामुळे झडप उघडते आणि फुगा आपोआप रिकामा होतो. हा फुगा मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे. दुसऱ्यांदा भोक पाडणेच टाळणारी ही कल्पना मला व्यासातून अर्धा मिलिमीटर कमी करण्यापेक्षा अधिक मोलाची वाटते.

प्रश्न: मी निवृत्त परिचारिका आहे. बाळाच्या पाठीच्या मणक्यातली फट शिवण्यासाठी पोट आणि गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया करतात आणि तिचा लाभ सिद्ध झाला आहे, असे वाचले. डोळ्यांसमोर, हाताने टाके घालता येत असताना दुर्बिणीचा अट्टाहास कशासाठी? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: आपण ज्या लाभाविषयी वाचले तो अमेरिकेतील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतला आहे. मेंदूत साठणारे पाणी काढण्यासाठी जन्मानंतर नळी बसवण्याची गरज ज्यांना लागली किंवा जी दगावली अशा बाळांचे प्रमाण गर्भात शस्त्रक्रिया झालेल्यांत लक्षणीय कमी होते. नुसत्या नळीचा विचार केला तर ४० टक्के विरुद्ध ८२ टक्के. लाभ इतका उघड दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली.

किंमत मात्र आईने मोजली. गर्भाशयाला अशा जागी छेद द्यावा लागतो की ती प्रसूती आणि पुढची प्रत्येक प्रसूती सिझेरियननेच करावी लागते, आणि पुढच्या गरोदरपणात तो व्रण विरण्याची वा फाटण्याची भीती राहते. ही स्त्री आजारी नसते, हे विसरता कामा नये. एका रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्या निरोगी माणसाच्या शरीरातून वाट काढायची असते आणि त्या वाटेचा शारीरिक लाभ त्या माणसाला शून्य असतो. गर्भशस्त्रक्रियेची उपकरणे बारीक करण्यामागचे पहिले कारण तेच आहे. बाळ लहान असते हे कारण दुसरे.

दुर्बिणीच्या पद्धतीत गर्भाशयावर मोठा छेद येत नाही आणि नैसर्गिक प्रसूतीची शक्यता टिकते. उलट बाजूला, शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, गर्भजल काही प्रमाणात काढून त्या जागी कार्बन डायऑक्साइड वायू भरावा लागतो (तो गरम आणि दमट करून, कारण थंड कोरडा वायू पडदा सुकवतो), आणि एकाहून अधिक भोके पाडली जातात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे वजन अर्ध्या किलोच्या थोडे पुढे असते आणि त्याची त्वचा इतकी नाजूक असते की नेहमीच्या चिमट्याच्या दातांनी ती फाटते. मोठ्यांच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेतले चिमटे आणि सुईधारक केवळ लहान करून भागत नाही. पकडीचा जोरच मर्यादित ठेवणारी रचना करावी लागते. दोन्ही पद्धतींपैकी कोणती सरस, याचा निकाल लागला असे मी म्हणणार नाही. आपण परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून एक विनंती: ओळखीच्या नवविवाहित मुलींना दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला सांगा. मणक्यातली अशी फट गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यातच पडते, आणि पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी बहुधा उशिरा पोहोचते.

प्रश्न: अंबड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे टूलरूम आहे. डिझेल नोझलचे भाग, गेज, बारीक पिना अशी कामे आम्ही करतो, काही मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये. टिपणातल्या चित्रातली नळी आणि ट्रोकार आम्ही सहज बनवू शकू असे वाटते. हे बाहेरून का आणावे लागते? (एक कारखानदार, अंबड)

उत्तर: बनवू शकाल, याबद्दल शंका नाही. सातपूरला मायको (आताची बॉश) ही डिझेल नोझल बनवणारी कंपनी उभी राहिल्यापासून या शहराच्या दोन पिढ्यांनी डिझेल नोझलची ०.१ ते ०.२ मिलिमीटरची छिद्रे हाताळली आहेत, तेव्हा ३ मिलिमीटरची नळी मापात आणणे तुम्हाला जड नाही. अडचणी मापाच्या पलीकडे आहेत.

नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेपासून सुरू करा. नोझलमध्ये बर (कापल्यावर कडेला उरलेली धातूची बारीक कुसळ) राहिला तर फवारा बिघडतो. इथे बर राहिला तर लेसर फायबरवरचे आवरण खरवडले जाते आणि त्याचा कीस गर्भजलात पडतो. तोंडावरून नख फिरवून पाहण्याची टूलरूममधली सवय इथे पुरत नाही. आतून कापसाचा बोळा फिरवून एकही तंतू अडकत नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि कडेला ठरावीक गोलाई द्या. त्यासाठी इलेक्ट्रोपॉलिशिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातू गुळगुळीत करणे, लागेल. कटिंग ऑइलचा अंश राहता कामा नये, म्हणजे धुण्याची पद्धत लिहून, तपासून, सिद्ध करून ठेवावी लागेल. ३१६ एल स्टेनलेस स्टीलच्या नळीचा प्रत्येक तुकडा कोणत्या लॉटमधला, हे काही वर्षांनंतरही सांगता आले पाहिजे. आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता प्रणाली, आयएसओ १४९७१ प्रमाणे जोखमीची नोंद, शरीराशी संपर्काच्या चाचण्यांसाठी आयएसओ १०९९३, आणि निर्जंतुकीकरणानंतरही धार आणि चिकटवलेले सांधे टिकतात याचा पुरावा, एवढी कागदांची बाजू आहे. तुमच्या क्षेत्रातल्या मंडळींना हा जाच वाटतो. पण वाहन उद्योगाची प्रणाली ज्याने पाळली आहे त्याला हे परके नाही.

कायद्याने पाहिले तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग करतात. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याच्या प्राधिकरणाकडून मिळतो, उरलेल्या दोहोंचा केंद्रीय प्राधिकरणाकडून. ज्याच्यासारखे उपकरण आधी बाजारात नाही, त्याची माणसांवरची चाचणी केंद्राच्या परवानगीशिवाय आणि आचारसंहिता समितीच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. तयार झालेला पहिला नग ओळखीच्या डॉक्टरांना 'वापरून बघा' म्हणून देऊ नका. कितीही चांगल्या हेतूने दिला तरी तो गुन्हा ठरेल.

बाहेरून का आणावे लागते, याचे खरे उत्तर बाजारात आहे. जगभरात अशा शस्त्रक्रिया करणारी केंद्रे थोडी, नग थोडे, आणि जबाबदारी मोठी. म्हणून मोठ्या कंपन्या इकडे फिरकत नाहीत आणि सर्जन दुसऱ्या अवयवांसाठीची उपकरणे उसनी घेतात: बाळाच्या हृदयाची झडप रुंद करणारा फुगा प्रौढांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठीचा असतो, श्वासनलिकेतल्या फुग्याचे मूळ वर आलेच आहे. केवळ गर्भासाठीचे उपकरण काढून कारखाना चालणार नाही, हे आधीच धरून चाला. लहान मुलांच्या मूत्रमार्गाच्या, सांध्यांच्या दुर्बिणींसाठी याच व्यासाच्या नळ्या लागतात. त्या बनवून प्रणाली उभी करा, आणि मग एखाद्या गर्भवैद्यक केंद्राबरोबर हे काम जोडकाम म्हणून घ्या. पहिल्या पत्रातल्या चौघी तुमच्यापासून फार दूर राहत नाहीत. त्यांना ट्रोकारची वेगवेगळ्या कोनांची टोके घासून देण्यापासून सुरुवात करता येईल. पत्रव्यवहार जुळवून द्यायला संपादकांची हरकत नाही.

प्रश्न: सुई आणि नळी सोनोग्राफीत कशी दिसते हे तपासण्यासाठी आमच्या गटाला प्रयोगशाळेत जुने सोनोग्राफी यंत्र घ्यायचे आहे. आम्ही कोणत्याही गर्भवतीला तपासणार नाही, फक्त जेलीच्या प्रतिकृतीवर काम करू. ओळखीचे एक विक्रेते बिलाशिवाय यंत्र द्यायला तयार आहेत. चालेल का? (एक विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर: चालणार नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या कोणत्याही व्यक्तीला, प्रयोगशाळेला वा संस्थेला असे यंत्र विकण्यास त्यात मनाई आहे. प्रतिकृतीवरच वापरणार, हा बचाव चालत नाही, कारण कायदा यंत्र कोणाच्या ताब्यात आहे ते पाहतो.

तुमचे काम मात्र थांबायचे कारण नाही. पहिला टप्पा पारदर्शक टाकीत, कडेला साधा कॅमेरा लावून पूर्ण होतो: नळी कुठे वाकते, टोक कुठे पोहोचते, पडदा किती ताणला जातो. सोनोग्राफीत नळी उठून दिसावी म्हणून तिच्या टोकावर बारीक खाचा पाडतात, त्यांचे नमुनेही यंत्राशिवाय बनवून ठेवता येतील. प्रत्यक्ष प्रतिमा तपासायची वेळ आली की नोंदणीकृत केंद्रातल्या डॉक्टरांना लेखी विनंती करा, प्रतिकृती तिथे न्या, यंत्र त्यांच्याच हाती राहू द्या आणि महाविद्यालयाचे पत्र सोबत ठेवा. आणि त्या विक्रेत्यांना आजच नकार कळवा.